उंबऱ्याकडची जागा

प्रिय हमदम,

हे पत्र तुला कोकंदच्या टॅक्सीवाल्याकडून मिळेल. सोबत समरकंदचे नान आहेत. आधी नान खा, मग पत्र वाच. उलटं केलंस तर नान कडक झाल्याचं खापर तू माझ्या लांबलचक वाक्यांवर फोडशील. फोन सोडून पत्र कशाला, हा तुझा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. तर बाबा, तुला फोन केला की तुझे हात मातीत असतात. तू कुणाला तरी बटण दाबायला लावतोस, आणि मग माझं प्रत्येक वाक्य तुझ्या कारखान्यातले सगळे कारागीर, फिरतं चाक आणि अंगणातल्या कोंबड्या मिळून ऐकतात. गेल्या खेपेला मी गुडघेदुखीचं बोलत होतो, तर तुझ्या भट्टीवाल्याने मध्येच तोंड घालून मेंढीच्या चरबीचा लेप सुचवला. लेपाने बरं वाटलं, हे कबूल. पण आजचा विषय गुडघ्याचा नाही. तेव्हा हात धू, जर्दाळूच्या झाडाखाली जाऊन बस आणि हे एकट्याने वाच.

पहिली बातमी ही की ओयदिन बरी आहे. खरं तर हे वाक्य कोंबड्यांच्याही आधी यायला हवं होतं. पण मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं आहे. उपोद्घाताशिवाय मला पाणीसुद्धा मागता येत नाही. तुझ्या एलयोरची आणि माझ्या माहलियोची ही लेक म्हणजे आपल्या दोघांची सामाईक मिळकत, त्यामुळे हिशेब सविस्तर द्यायला हवा. जूनमध्ये तू तिला आईसोबत इकडे पाठवलीस तेव्हा तिचा रंग तुझ्या न भाजलेल्या मडक्यासारखा होता. मनगट धरायची भीती वाटायची. दोन जिने चढली की मध्येच पायरीवर बसून राहायची आणि विचारलं की म्हणायची, “मुंगी बघते.” आज सकाळी ती शेजाऱ्यांच्या तुतीच्या झाडावर होती. तुती कधीच संपली, मग वर काय करतेस, असं मी ओरडलो, तर वरून उत्तर आलं, “बोबो, मी तुमचं टक्कल बघते.” ही प्रगती वैद्यकशास्त्राने कुठल्या रकान्यात लिहावी मला माहीत नाही, पण मी तिला दहा पैकी दहा दिले.

आता थोडं मागे जातो. नवरोजला मी आणि माझी करोमत रिश्तानला तुमच्याकडे आलो होतो, तेव्हाचं जेवण तुला आठवत असेल. मला तर तुझ्या घरचं प्रत्येक जेवण आठवतं, कारण प्रत्येक वेळी तू मला वरच्या मानाच्या जागेवर गाद्यांच्या ढिगात असा रोवतोस की संडासला जायचं तरी चार माणसांना उठावं लागतं. मधोमध तुझ्या हातचा तो निळा थाळ, पुलावाचा डोंगर, वर लसणाचे गड्डे. आणि तू, बाह्या सरसावून, मांसाचे चांगले चांगले तुकडे निवडून बोटांनी ओयदिनच्या बाजूला सरकवत होतास. “खा गं उंदरे. हा बघ मऊ. हा बघ चरबीचा. तुझ्या बापाला देत नाही, तुला देतो.” ती मान खाली घालून भाताची एकेक शितं मोजत होती. शरोफत वहिनी म्हणाल्या, “दृष्ट लागलीये हिला. हिवाळ्यापासून असंच. धूप झाला, फुंकर झाली, जंताचं औषध झालं, डाळिंबाचा रस झाला. घोड्याचं मांससुद्धा आणलं रक्तासाठी, ते हिच्या काकाने संपवलं. त्याचं रक्त वाढलं, हिचं नाही.” सगळे हसले. तुझा धाकटा सगळ्यात मोठ्याने हसला, कारण काका तोच होता.

मग तू ते वाक्य बोललास. मी तुला चिडवायला म्हणालो होतो, की अरे, तुम्हा लोकांना भट्टीपुढे वेळ मिळत नसेल, पोर एकटीदुकटी जेवत असेल. तू नान खाली ठेवलास. छाती पुढे काढलीस. “सोबिर, एकवेळ माझ्या थाळाला तडा गेला म्हण, पण हे म्हणू नकोस. या घरात कुणी एकटं जेवत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून नाही. जमिनीवर अंथरलेला एक दस्तरखान, एक थाळ, आणि मोठ्यांनी हात उचलून दुआ म्हटल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. राजा येवो नाहीतर विजेचं बिल मागणारा.” मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला, की माझी लेक अशा घरात आहे. हल्ली ताश्कंदमध्ये माझ्या विद्यार्थ्यांकडे जावं तर बाप एका खोलीत, पोरगा दुसऱ्या खोलीत, आणि दोघांच्याही मांडीवर डबा आणि डोळ्यांसमोर पडदा. तुझं वाक्य मी परत येताना गाडीत करोमतला दोनदा ऐकवलं. ती गणिताची मास्तरीण. म्हणाली, “वाक्य छान आहे. सिद्ध केलेलं नाही.” मी म्हटलं, तुला कौतुक करताच येत नाही.

तर जूनमध्ये मायलेकी आल्या. तुम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की हवापालट करू. इथल्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर मुनव्वर म्हणून बाई आहेत, वयाने आपल्यापेक्षा मोठ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं सुपारी फोडल्यासारखं. त्यांनी ओयदिनला तपासलं, रक्त घेतलं, लोहाचं औषध लिहिलं आणि म्हणाल्या, “उन्हाळाभर बघू. रक्त वाढलं तर सप्टेंबरला शाळा. नाही वाढलं तर शाळा पुढच्या वर्षी, आधी दवाखान्यात भरती.” ओयदिनला तोपर्यंत दप्तर घेऊन झालं होतं, हे तुला माहीतच आहे, तूच घेतलंस, आणि त्यावरचा तो जांभळा घोडाही तूच पसंत केलास. ती दप्तर उशाशी घेऊन झोपायची. तिच्यापुढे मी ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द भाषेतून काढून टाकले.

मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं, “मास्तर, ती काय खाते ते सांगू नका. सगळे आजोबा मला काय काय आणलं याची यादी सांगतात. ती कोणाबरोबर खाते?” मी तुझ्या वतीने भाषण केलं. निळा थाळ, आजोबांच्या वेळेपासून, दुआ, विजेचं बिल, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मग हे माझ्या डोक्यात बसत नाही. ज्या घरात मोठी माणसं पोरांसोबत बसून जेवतात ना, तिथली पोरं सहसा भाजीला तोंड वाकडं करत नाहीत, नीट झोपतात, बडबड करतात, मनात काही सलत असलं तर बोलून टाकतात. इतकी वर्षं या बाकावर पोरं बघते आहे मी. औषध तर मी देतेच, पण औषध रिकाम्या पोटी किती चालणार? तुमच्या घरात तर दहा-अकरा माणसं एका थाळातून जेवतात, आणि पोर वाळतीये. म्हणजे तिला ज्या माणसाबरोबर जेवायचंय, ते माणूस तिथे बसत नसणार. शोधा.” मी म्हटलं, “सगळेच बसतात हो.” बाई म्हणाल्या, “मग पुन्हा मोजा.”

मला राग आला. तुझ्या वतीने आला, म्हणून जरा जास्तच आला. आणि गंमत बघ, घरी आल्यावर आठवडाभरात ओयदिन जेवायला लागली. मी तर हुरळून गेलो. तुझी फरगाणा खोऱ्यातली हवा, तुझा देवझिरा तांदूळ, तुझ्या भट्टीची राख, या सगळ्यांविरुद्ध मी मनातल्या मनात पूर्वपक्ष आणि सिद्धांत रचून टाकला. निष्कर्ष असा की समरकंदचं पाणी. करोमतला सांगितलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, “पाणी तुम्हीही तीस वर्षं पिताय. काही फरक?”

आमच्याकडची जेवायची रीत तुला ठाऊक आहे. चौघंच माणसं. करोमत आयुष्यभर शाळेतून सगळ्यांत शेवटी घरी यायची, त्यामुळे ती आली की सगळे बसायचे, आणि किटली मधोमध. ज्याला चहा हवा त्याने ओतावा. तुमच्याकडच्या मानाने हे घर म्हणजे बसस्थानक. इथे माहलियो आपल्या आईशेजारी मांडी घालून बसायची, ओयदिन तिच्या मांडीला टेकून. मी पाण्याला श्रेय देत होतो.

मग जुलैत करोमतचा भाऊ कुटुंबकबिल्यासह आला. मोठा दस्तरखान घातला. पाहुण्यांना वर बसवलं, मी मध्ये, आणि माहलियो कुणी न सांगता जाऊन उंबऱ्याकडच्या जागेवर बसली, किटली हाताशी घेऊन. बसली म्हणजे काय, एक गुडघा जमिनीला, एक वर, उठायच्या तयारीत. आदराने पियाला अर्धाच भरायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो; हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. पाहुण्यांचा झाला की माझा, माझा झाला की मामीचा. मध्येच नान संपला, ती उठली. मुळ्याची कोशिंबीर राहिली, ती उठली. गरम पाणी, ती उठली. करोमत दोनदा म्हणाली, “बस गं, ओततील ते,” आणि माहलियो दोनदा म्हणाली, “बसलेच आहे, आई.” मी ओयदिनकडे पाहिलं. तिने चमचा उपडा ठेवला होता. मामाने तिच्या पुढ्यात तुझ्यासारखाच मांसाचा मऊ तुकडा सरकवला. तिने तो पटकन उचलला, आणि मी पाहतोय हे न कळून, बाहीत घातला.

दुआ झाली, सगळे उठून अंगणात कलिंगडाकडे गेले. मी पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. माहलियो चुलीशी उभी होती, कढईला लागलेला भात चमच्याने खरवडून उभ्या उभ्याच खात होती. ओयदिन तिच्या झग्याला धरून उभी होती आणि तो बाहीतला तुकडा वर धरून सांगत होती, “हे तुझं. मी राखून ठेवलंय. आधी तू.” माहलियो म्हणाली, “तू खा गं, मला नको.” “नाही, आधी तू.” “अगं, हात भरलेत माझे, ठेव तिथे.” पोरीने तो तुकडा बशीत ठेवला, त्यावर दुसरी बशी झाकली, आणि भिंतीला टेकून वाट पाहत बसली. हमदम, तुझ्या घरी तिच्या कोटाच्या खिशात मांसाचे तुकडे सापडले होते तेव्हा शरोफत वहिनी म्हणाल्या होत्या, “मांजराला घालते मेली.” तुमची मांजर खरंच फुगली होती, त्यामुळे आपण सगळ्यांनी पुरावा मान्य केला. मांजर निर्दोष नाही. झाकलेल्या बश्या शेवटी तिनेच उघडल्या असणार. पण ते तुकडे तिच्यासाठी नव्हते. तू उंदरीला म्हणून जे जे सरकवलंस, त्यातलं सगळ्यांत चांगलं ती उंदरी तिच्या आईकरता बिळात नेत होती.

मी तिथेच खाली बसलो आणि तिला विचारलं, “तू का जेवली नाहीस गं?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजोबा नसून पहिलीतला ढ मुलगा आहे. म्हणाली, “आई बसली की मी जेवते.” “आई तर बसली होती.” “नाही. आई ओतत होती.”

माहलियोने माझ्याकडे पाठ केली. मग जे बोलली ते मी तुला शब्दशः लिहितो, कारण त्यात तुमच्या घराची तक्रार औषधालाही नाही. म्हणाली, “बाबा, तिकडे काही बोलू नका. मला कुणी उभं करत नाही. सासूबाई तर रोज म्हणतात, ये, दोन घास खाऊन घे. पण घास घ्यावा तर पियाला पुढे येतो. गुलचेहरा वहिनी होती तेव्हा बरं होतं. एक दिवस ती ओतायची, एक दिवस मी. ती गेल्यापासून मी एकटीच धाकटी. कुणाचा काही दोष नाही, चहा ओतायला लागतो एवढंच.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझा थोरला नोकरीसाठी बायकोमुलांना घेऊन ताश्कंदला गेला तो शरद ऋतूत, आणि ओयदिनने जेवण सोडलं ते हिवाळ्यात. तुम्ही दृष्ट शोधत होतात, जंत शोधत होतात. घरातून एक सून कमी झाली होती आणि तिची उठण्याची पाळी दुसरीच्या वाट्याला आली होती. दस्तरखान तोच, थाळ तोच, दुआ तीच. त्यामुळे कुणाला काही बदललंय असं दिसलंच नाही. तू वर बसतोस. वरून सगळं दिसतं, फक्त उंबऱ्याकडे कोण बसलंय ते मधल्या माणसांच्या खांद्यांमुळे दिसत नाही. मलाही नवरोजला दिसलं नव्हतं. मी तर तुझ्याशेजारीच रोवलेला होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे नवा नियम आला, आणि तो ओयदिनने काढला. रोज कोण उठणार ते ती सकाळीच ठरवते. पहिल्या दिवशी मी. सांगायला लाज वाटत नाही, पहिला पियाला मी भरला तो थेट करोमतच्या मांडीवर. ती म्हणाली, “लग्नापासून वाट पाहत होते याची, पण पियाल्यात.” पाहुणे आले तरी नियम तोच. कोपऱ्यावरच्या आमच्या न्हाव्याने मला पाहुण्यांपुढे किटली घेऊन उंबऱ्याकडे बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना विचारलं, “मास्तर, नोकरी बदलली?” मी म्हटलं, बढती झाली. पण माहलियो बसते, हमदम. दोन्ही गुडघे खाली टेकवून बसते. पहिले काही दिवस हात किटलीकडे जायचा, ओयदिन तो हात धरून परत मांडीवर ठेवायची. आता जात नाही. आणि पोरगी आईच्या तोंडाकडे बघत घासाला घास खाते. भोपळा खाते. पालेभाजी घातलेला सामसा खाते, तोही माझ्या वाट्याचा. जेवताना इतकी बोलते की मला माझं एक वाक्य पुरं करता येत नाही. क्रियापद शेवटी ठेवायची माझी सवय मला महागात पडते, ते येईपर्यंत विषय बदललेला असतो. परवा जेवताना सांगत होती की झाडावर चढताना भीती वाटते ती खाली बघितल्यावर नाही, खाली कुणी नसलं की वाटते. करोमतने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग तिला आणखी भोपळा वाढला.

काल पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी ओयदिनचं रक्त तपासलं आणि पहिल्यांदा हसल्या. त्यांना दात आहेत हे मला तेव्हा कळलं. म्हणाल्या, “शाळेत जा. आणि मास्तरीणबाईंना सांग, मला लवकर सोडू नका, मी जेवून आलेय.” ओयदिनने दवाखान्यातून घरापर्यंत दप्तर नसलेल्या पाठीवर दप्तराचे पट्टे सावरले. औषधाचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. बाईही म्हणाल्या, निम्मं औषधाचं, निम्मं तुमच्या किटलीचं, भांडू नका. पण मग त्यांनी माहलियोची बाही वर केली. म्हणाल्या, “आता तू. पोरीचं रक्त कमी होतं हे सगळ्यांनी पाहिलं. तुझं कुणी पाहिलं का?” माहलियोचं रक्त ओयदिनच्या जूनमधल्या रक्तापेक्षाही कमी निघालं.

आता मी जे लिहितो ते मुलीच्या बापाने लिहायचं नसतं, हे मला माहीत आहे. दिलेल्या मुलीच्या सासरी कोण कुठे बसतं यात बापाने नाक खुपसलं तर आपल्या लोकांत त्याला काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि माहलियोला कळलं तर ती माझ्याशी वर्षभर बोलणार नाही. पण तू माझा व्याही नंतर झालास. त्याआधी तू तो हमदम होतास जो ताश्कंदच्या गारठलेल्या वर्गात माझ्या शेजारी संस्कृतला बसला आणि एका वर्षात सोडून बापाच्या चाकाकडे पळाला. जो अजूनही चाक फिरवताना ‘रामः रामौ रामाः’ म्हणतो आणि पुढची विभक्ती विसरला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्या हमदमला मी सांगू शकतो. शनिवारी आम्ही दोघं मायलेकींना पोचवायला येतोय. तू मला नेहमीप्रमाणे वर बसवायला निघशील. मी बसणार नाही. मी सरळ उंबऱ्याकडे जाईन आणि किटली ताब्यात घेईन. व्याही खाली बसून चहा ओततोय हे रिश्तानमध्ये कळलं तर तुझ्या तीन पिढ्यांच्या नावाचं काय होईल याचा विचार तू कर. माझं नाव न्हाव्याने आधीच बुडवलंय. यातून सुटायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे माझ्या हातून किटली काढून घेणं. घे. आख्ख्या खोऱ्यात तुझ्याइतकं हलक्या मनगटाने ओतणारं कोण आहे? दिवसभर थाळांवर निळा रंग ओतताना तुझा एक थेंब सांडत नाही. शरोफत वहिनींनाही खाली बसू दे. त्यांनीही त्या जागेवर वीस वर्षं काढली आहेत, आणि त्यांना कुणी ‘बस’ म्हटलं असेल तर ते माझ्या ऐकण्यात नाही. मग एक दिवस तू ओत, एक दिवस एलयोर, एक दिवस तो घोडा खाल्लेला धाकटा. पाळी ठरवायचं काम ओयदिनवर सोड. ती कडक आहे, पण न्यायी आहे.

आणि ही घाई का, ते आता सांगतो. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. गुरुवारी करोमत शरोफत वहिनींना फोन करून एक बातमी देणार आहे, रीतसर, मिठाईच्या गोष्टी करत, बायका देतात तशी. वहिनी धावत कारखान्यात येतील तेव्हा तू काहीच माहीत नसल्यासारखा आ वासून उभा राहा, नाहीतर दोन्ही घरांतून आपल्या दोघांची हकालपट्टी होईल. थंडी सरता सरता तुझ्या दस्तरखानावर आणखी एक माणूस येणार आहे. तू म्हणशील, त्याला अजून अवकाश आहे, जागा करू. अवकाश नाही, हमदम. ते आत्ताच जेवायला बसलेलं आहे. माहलियो जेवते तेव्हाच ते जेवतं, आणि ती जे खाते तेवढंच त्याला मिळतं.

तुझ्या थाळात हात घालायला अधीर,
तुझाच
सोबिर